पंचवीस वर्षांचा बॉयलर बदलायचाय, पण घ्यायचा केवढा?

गारठा (धागाकर्ता)
मंडळी, घर घेतलं तेव्हापासून तळघरात एक बॉयलर उभा आहे, रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घर तापवणारा. कास्ट आयर्नचा, पायलटची ज्योत बारा महिने पेटलेली. वय पंचविशीच्या पुढे. बंद काही पडत नाही, पण गॅस पितो आणि सर्व्हिसवाला दरवेळी "आता बघा काहीतरी" म्हणून मान हलवून जातो. प्लेटवर इनपुट ४० किलोवॉट लिहिलंय.

तिघांकडून कोटेशन घेतलं. पहिला म्हणे ४० काढतोय तर ४० च लावू. दुसरा म्हणे ३५ पुरे. दोघांनीही तळघराच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, प्लेट वाचली आणि आकडा सांगितला. तिसरा मात्र प्रत्येक खोलीत जाऊन रेडिएटरची लांबी-उंची टेपने मोजत बसला, खिडक्या बघितल्या, माळ्यावर चढला आणि २४ चा कॉम्बी (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा एकच बॉयलर) सांगून गेला. तिघेही कंडेन्सिंगच म्हणतायत, ९५ टक्के एफिशियन्सी वगैरे.

प्रश्न दोन. ते ९५ टक्के खरंच मिळतात का? आणि ४० च्या जागी २४ लावला तर ऐन थंडीत कुडकुडत बसायची वेळ येईल का? रेडिएटर जुनेच ठेवायचेत.

मिश्किल_मामा
आयडी बघता कुडकुडायची सवय असावी तुम्हाला. (दिवे घ्या)

पान्हा_नं_१२
या धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गॅस जळला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफ तयार होते, आणि गॅसमधल्या एकूण उष्णतेतला साधारण दहावा हिस्सा त्या वाफेत अडकलेला असतो. जुने बॉयलर ती वाफ मुद्दाम गरमच ठेवून चिमणीतून वर सोडतात, कारण ती आत गार होऊन पाणी झाली तर कास्ट आयर्न सडतं. कंडेन्सिंगवाल्यात हीट एक्स्चेंजर स्टेनलेस स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्याला पाण्याचं भय नाही, मग तो धूर इतका गार करतो की वाफेचं पाणी होतं आणि तो दहावा हिस्सा घरात येतो.

पण धूर गार कशाने करणार? रेडिएटरमधून परत येणाऱ्या पाण्याने, म्हणजे रिटर्नने. नैसर्गिक गॅसच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांच्या खाली पाणी व्हायला लागते. तुमचं रिटर्न ६५ ने येत असेल तर कंडेन्सिंग बॉयलर कंडेन्स करतच नाही, तुम्हाला ८७-८८ टक्के मिळतात. रिटर्न ४५ वर आणलं, ४० वर आणलं, की ते ब्रोशरमधले आकडे दिसायला लागतात. म्हणजे ९५ टक्के खोक्यात येत नाहीत, ते बसवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या हातात असतात. आमच्याच धंद्यातली अर्धी माणसं फ्लो, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी, ७५-८० वर ठेवून निघून जातात, कारण घर पटकन तापतं आणि तक्रारीचा फोन येत नाही.

तिखटजाळ
एका ब्रोशरवर मी १०८ टक्के वाचलंय. हे काय गौडबंगाल?

मिश्किल_मामा
१०८? बॉयलर आहे का जपमाळ?

पान्हा_नं_१२
हाहा. फसवणूक नाही, हिशोबाची पद्धत आहे. वाफेतली उष्णता मुळात धरायचीच नाही असा हिशोब केला की ती परत मिळवल्यावर आकडा शंभरच्या वर जातो. काही देशांत तसा धरतात, काही ठिकाणी सगळी उष्णता धरून मोजतात, तिथे शंभरच्या वर जाणं शक्यच नाही. दोन ब्रोशर शेजारी ठेवताना एकाच पद्धतीचे आहेत ना तेवढं बघायचं.

जुनं_खोड
मी विरोधी पक्षात. चालू मशीन काढू नये. कास्ट आयर्नचा बॉयलर नीट ठेवला तर चाळीस वर्षं जातो, त्यात बिघडण्यासारखं आहे काय? एक बर्नर, एक व्हॉल्व्ह, एक थर्मोकपल. नवीन मशीनमध्ये पंखा, सेन्सर, सर्किट बोर्ड, आणि बारा-पंधरा वर्षांत राम म्हणतो. आमच्या शेजाऱ्यांचा बोर्ड ऐन थंडीत गेला, पार्ट येईपर्यंत सगळं कुटुंब एका खोलीत हीटर लावून. वाचलेला गॅस गेला त्या बोर्डात. हे कंडेन्सिंगचं फॅड नवीन आहे तोवर ठीक.

अनुताई
जुनं_खोड, फॅड म्हणायला ते आता म्हातारं झालंय हो. नेदरलँड्समध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून लागतायत. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून गॅसचा बॉयलर बदलताना काही अपवाद सोडले तर कंडेन्सिंगच लावायचा नियम आहे. गेल्या पिढीची टेक्नॉलॉजी आहे ही.

बोर्डाचं मात्र मान्य. म्हणून ज्याचे पार्ट आपल्या गावात मिळतात आणि जो उघडून दुरुस्त करणारी दोन तरी माणसं आसपास आहेत तोच ब्रँड घ्यावा. एफिशियन्सीत ब्रँडाब्रँडात फार फरक नसतोच.

मुक्ता_क
आणि जुन्याची खरी एफिशियन्सी किती, तेही बघा की. सर्व्हिसवाला धुरात नळी घालून ७८-८० टक्के दाखवतो, ती फक्त बर्नर चालू असतानाची. बर्नर बंद असताना चिमणी तळघरातली गरम हवा ओढत राहते, जड लोखंड उगाच तापतं नि निवतं, पायलट उन्हाळ्यातही जळतो. सगळा हंगाम धरला तर असले बॉयलर साठ-सत्तर टक्क्यांत खेळतात. तिथून नव्वदीवर गेलात तर चौथा हिस्सा गॅस वाचतो, ही काही थोडी बाब नाही.

जुनं_खोड
वाचतो, जर रिटर्न ४५ ला आणलं तर. वर पान्हासाहेबांनीच लिहिलंय की अर्धे लोक आणत नाहीत. मग ८७ आणि माझे ७०, आणि मध्ये एक बोर्ड.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली आहे. आमचाही याच वयाचा आहे. चालू द्या.

बेरीज_वजाबाकी
केवढा घ्यायचा या प्रश्नावर अजून कोणी आलंच नाही. गारठा, तुमच्या घराला किती लागतं हे तुमचा गॅसमीटरच सांगेल.

कडक थंडीच्या दिवशी सकाळी मीटर वाचा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत वाचा. स्वयंपाक आणि अंघोळीचा गॅस अंदाजाने वजा करा. नैसर्गिक गॅसच्या एका घनमीटरला साधारण साडेदहा किलोवॉट-तास धरा. जुन्या बॉयलरची एफिशियन्सी ७० टक्के धरा. उदाहरणार्थ ३० घनमीटर जळला तर ३१५, त्याचे ७० टक्के म्हणजे २२०, भागिले २४ तास, म्हणजे घराला त्या दिवशी सरासरी ९ किलोवॉट लागले.

आता त्या दिवशी बाहेर शून्य होतं आणि तुमच्याकडे कधीमधी उणे १० होतं असं समजा. आत २० ठेवायचे तर फरक २० चा ३० होणार, म्हणजे दीडपट, ९ चे साडेतेरा-चौदा. झालं, एवढाच बॉयलर लागतो. ४० चा कशाला आणि ३५ चा कशाला? बहुतेक घरांत बॉयलर दुप्पट-तिप्पट मोठा बसवलेला असतो. पहिल्याने भीतीपोटी मोठा लावला, नंतर खिडक्या बदलल्या, माळ्यावर इन्सुलेशनची लोकर टाकली, आणि बदलणारा जुनी प्लेट वाचून परत तेवढाच लावतो.

तिखटजाळ
मोठा असला तर बिघडलं काय? लागेल तेवढीच आग करेल की. नवीन सगळे मॉड्युलेटिंग असतात ना.

बेरीज_वजाबाकी
तिथेच मेख आहे. खाली किती येतो ते बघा. कमाल २४ चा आणि दहास-एक टर्नडाउनचा असेल तर २.४ पर्यंत उतरतो. ४० चा आणि चारास-एकचा असेल तर १० च्या खाली उतरतच नाही. थंडी सुरू होताना आणि संपताना घराला लागतात तीन-चार किलोवॉट. मग तो पेटतो, दोन मिनिटांत पाणी तापतं, विझतो, परत पेटतो, दिवसभर हेच. गर्दीच्या रस्त्यावर दर सिग्नलला स्कूटर बंद करून किक मारत गेल्यासारखं. दर पेटण्याआधी पंखा आतला धूर बाहेर फेकतो, त्याबरोबर उष्णताही जाते, इग्निशनचा इलेक्ट्रोड आणि पंखा झिजतो तो वेगळाच. जुनं_खोड यांच्या शेजाऱ्यांच्या बोर्डाचं मूळ यात असायची शक्यता मला तरी जास्त वाटते. ब्रोशरवर कमाल आकडा मोठ्या टायपात छापतात. किमान आकडा शोधावा लागतो, आणि खरं तर तोच महत्त्वाचा.

जुनं_खोड
त्यांचा ३५ चा होता आणि घर लहान, एवढं सांगतो. पुढचं तुम्ही समजून घ्या.

खिडकीतला_वारा
सगळे बॉयलरच्या मागे लागलायत. आधी घर बंद करा! माळ्यावर इन्सुलेशन, दाराखालच्या फटी, तळघराच्या तुळईपाशी शिरणारा वारा. हे आधी केलंत तर बॉयलर लहान लागेल. नंतर केलंत तर आत्ता मोजून घेतलेला बॉयलर पुन्हा मोठा ठरेल. हा क्रम उलटा करणारे खूप बघितलेत.

अनुताई
+१. फटी बुजवायला बॉयलरच्या मानाने नखाएवढा खर्च येतो.

पंपवाला
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. आता नवीन गॅस बॉयलर म्हणजे पुढची पंधरा वर्षं गॅसला बांधून घेणं. हीट पंप लावा, बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर ओढून घरात आणणारा. एक युनिट वीज घालून तीन युनिट उष्णता मिळते.

तिखटजाळ
आला आला. मी वाटच बघत होतो.

बेरीज_वजाबाकी
पंपवाला, तीन मिळतात हे खरं, पण तुमच्याकडे विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या किती पट आहे त्यावर सगळं. तीनपटीपेक्षा जास्त असेल तर बिल कमी होत नाही, फार तर धूर कमी होतो. तो मुद्दाही लहान नाही, पण धागाकर्त्याने बिलाचं विचारलंय.

पंपवाला
फ्लो ३५ ठेवलात तर तीनाचे चार होतात. ५५ ला मात्र घसरतो, कबूल.

पान्हा_नं_१२
तुम्ही दोघं भांडताय पण बोलताय एकच. कमी तापमानावर घर गरम राहतं का, हाच दोन्हीकडचा प्रश्न. रेडिएटर ५५ अंशांच्या पाण्यावर पुरले तर आज कंडेन्सिंग मजेत चालतो आणि उद्या पंप लावायला वाट मोकळी राहते.

पुरतात का ते असं बघा. रेडिएटरचा कॅटलॉगमधला आकडा बहुधा पाणी ७५ ने जाऊन ६५ ने परत येतं असं धरून असतो, म्हणजे खोलीपेक्षा सरासरी ५० अंश गरम. ५५ ने जाऊन ४५ ने आलं तर फरक ३० चा, आणि तेव्हा रेडिएटर निम्मीच उष्णता देतो. निम्मी म्हणजे कमी वाटेल, पण जुन्या घरांतले मोठे रेडिएटर खिडक्या बदलल्यावर तसेही निम्मेच वापरात असतात. कमी पडलाच तर एखाद-दुसऱ्या खोलीत, तिथला तेवढा मोठा टाकायचा.

तिखटजाळ
म्हणजे आजच जुन्या बॉयलरचा नॉब ५५ वर आणून बघता येईल? आठवडाभर ठेवतो मग.

मुक्ता_क
थांबा!! कास्ट आयर्नवर हे करू नका. रिटर्न ५५ च्या खाली सतत राहिलं तर वाफ आतच पाणी होऊन बर्नरवर ठिबकते, लोखंड गंजतं, चिमणीही आतून भिजते. वर लिहिलंय ते याच कारणासाठी. एखादा दिवस फ्लो ६५-७० वर आणून अंदाज घ्या, त्याच्या खाली नको.

गारठा (धागाकर्ता)
भरपूर माहिती मिळतेय, धन्यवाद. काही गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. अंघोळीच्या पाण्याची, गॅसवर तापणारी टाकी वेगळी आहे, बॉयलरच्या शेजारीच, दोघांचा धूर एकाच चिमणीत जातो. बाथरूम दोन. दोन रेडिएटर वरून गरम आणि खाली मधोमध गार असतात, आणि प्रेशर अधूनमधून भरावं लागतं. काटा एकच्या खाली येतो.

पान्हा_नं_१२
बरं झालं सांगितलंत. चिमणीचं आधी. मोठा बॉयलर त्या चिमणीतून निघाला की मागे एकटी टाकी उरते. एवढ्या रुंद धुराड्यात तिचा थोडासा धूर मध्येच गार पडतो, वर चढत नाही आणि घरात परत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू असू शकतो. नवीन बॉयलर स्वतःचा पाइप भिंतीतून बाहेर काढतो, त्याचा चिमणीशी संबंध नाही, म्हणून टाकीकडे कुणाचं लक्षच जात नाही. दोनच मार्ग. चिमणीत टाकीच्या मापाचा लायनर, म्हणजे आतून बारीक नळी, घाला, किंवा टाकीही काढा. कुठल्या कोटेशनमध्ये लायनर लिहिलाय ते बघा. आणि सीओ अलार्म नसेल तर या धाग्याचा निकाल लागायची वाट बघू नका, आजच लावा.

रेडिएटर खाली गार म्हणजे आत गाळ साचलाय. लोखंड गंजून झालेला काळा मॅग्नेटाइट. असा रेडिएटर काढून बाहेर नेऊन उलटा केला की आधी काळंकुट्ट पाणी येतं, मग रबरी पाइपने धार मारली की घट्ट काळा चिखल ढेकळा-ढेकळाने पडतो, बोटांच्या रेषांत बसतो तो दोन दिवस निघत नाही. चुंबक फिरवलं तर त्याला चिकटतो. हाच चिखल नवीन बॉयलरच्या बारीक नळ्यांत गेला तर पहिल्याच हिवाळ्यात बॉयलर किटलीसारखा आवाज करायला लागतो. म्हणून जुना काढायच्या आधी सगळी सिस्टिम फ्लश, रिटर्नवर मॅग्नेटिक फिल्टर, आणि नवीन पाण्यात इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं औषध. आधी प्रेशर का पडतं तेही शोधा, कुठे गळतंय का एक्स्पान्शन टाकीतली हवा गेलीये. दरवेळी ताजं पाणी भरताय म्हणजे ताजा ऑक्सिजन भरताय, आणि गंज पुन्हा सुरू.

अनुताई
दोन बाथरूम आणि २४ चा कॉम्बी? गारठा, घरात भांडणं लागतील. २४ किलोवॉटमध्ये पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला दहा लिटरसुद्धा मिळत नाही. एक शॉवर छान, दोन लावले की दोघंही ओरडणार.

मिश्किल_मामा
भांडण नको असेल तर अंघोळीचं टाइमटेबल करून दारावर लावा. आमच्याकडे कॉम्बी नाहीये तरी आहे.

तिखटजाळ
आम्ही टाकी ठेवलीये पण ४५ वर. कशाला जास्त तापवायचं, तसंही थंड पाणी मिसळतोच.

मुक्ता_क
तिखटजाळ, गॅस वाचवायची ही जागा नाही. लिजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात वाढतात, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. साठवलेलं पाणी ६० ला ठेवायचं आणि पोळू नये म्हणून टाकीच्या तोंडाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा. कॉम्बीत पाणी साठतच नाही म्हणून तिथे ४५ चालतं.

तिखटजाळ
हे माहीत नव्हतं. टाकीचा नॉब कुठाय शोधतो.

जुनं_खोड
निचऱ्याचं कुणी बोललं नाही. तासाला लिटरभर आम्लाचं पाणी निघतं या नवीन मशीनमधून. ते कुठे सोडणार?

पान्हा_नं_१२
रास्त प्रश्न. त्या पाण्याचा पीएच साधारण ३ ते ५, म्हणजे तांब्याच्या किंवा लोखंडी नळीत सोडायचं नाही, प्लास्टिकच. गरज पडली तर मध्ये चुनखडीचे खडे भरलेला डबा लावतात, ते खडे वर्षा-दोन वर्षांनी बदलायचे. आणि पाइप शक्यतो घरातूनच ड्रेनला न्यायचा, उतार ठेवून. बाहेरच्या भिंतीवरून बारीक पाइप नेला तर तो नेमका सगळ्यात थंड रात्री गोठतो, पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर लॉक होतो. त्या रात्री येणाऱ्या फोनपैकी बरेचसे एवढ्याचसाठी असतात. कोमट पाणी ओतून पाइप सोडवला की मशीन चालू, बिघाड काही नसतोच. उकळतं ओतू नका, पाइप तडकतो.

गारठा (धागाकर्ता)
परवा कडाका होता, मीटर वाचला. बाहेर दिवसभराची सरासरी उणे २. अंघोळीचा अंदाज वगळून चोवीस तासांत २७ घनमीटर. बेरीज_वजाबाकी यांच्या पद्धतीने ८.३ किलोवॉट आले. आमच्याकडे उणे १२ पर्यंत जातं, म्हणजे २२ च्या फरकाचा ३२, म्हणजे १२ किलोवॉट. पहिल्या दोघांना फोन करून हा हिशोब सांगितला. एक म्हणाला "साहेब, नेटवर काहीही लिहितात". दुसऱ्याने १२ ऐकून हसून विषय बदलला. तिसरा म्हणाला माझ्या कागदावर १३ आलंय, २४ मी अंघोळीच्या पाण्यासाठी सांगितला.

बेरीज_वजाबाकी
माणूस सापडला तुम्हाला. बाकीच्या दोघांचे नंबर डिलीट करा.

अनुताई
मग त्याच्याकडून दुसरा पर्याय मागा. १५-१८ चा साधा बॉयलर, किमान दोन-अडीचवर उतरणारा, आणि आत कॉइल असलेली पाण्याची टाकी, जिला बॉयलरच तापवेल. गॅसची टाकी गेली, चिमणी बंद करून टाका, लायनरचा प्रश्न मिटला, दोन्ही बाथरूम खूश.

जुनं_खोड
हे मात्र पटलं. पण आहे तो तसाच चालू असताना उन्हाळ्यात बदला, ऐन थंडीत नको. उन्हाळ्यात कामगारही निवांत असतो, फ्लशला पूर्ण दिवस देतो.

गारठा (धागाकर्ता)
उन्हाळाच धरतोय. तोपर्यंत माळा आणि फटी. अलार्म लावला. कोटेशनमध्ये काय काय लिहून घेऊ?

पान्हा_नं_१२
फ्लश, फिल्टर, इनहिबिटर, निचऱ्याचा पाइप आतून. हीटिंगची कमाल मर्यादा मेनूमध्ये जाऊन १३ वर बांधणे. रेडिएटरचं बॅलन्सिंग, नाहीतर बॉयलरजवळचे दोन तापतात आणि टोकाचा गार राहतो. आणि आउटडोअर सेन्सर. बऱ्याच मॉडेलना तो लावायची सोय असते, लोक घेत नाहीत. बाहेर जेवढी थंडी तेवढंच पाणी तापवायचं, हे मग मशीन स्वतः ठरवतं. बहुतेक हंगाम फ्लो चाळीस-पंचेचाळीसवर राहतो. रेडिएटर हाताला कोमट लागतील, घाबरून नॉब वाढवू नका.

गारठा (धागाकर्ता)
सेन्सर कुठल्या भिंतीला? तळघराची खिडकी दक्षिणेला आहे, वायर तिथून काढणं सोपं पडेल.

पान्हा_नं_१२
दक्षिणेला नको, ऊन पडलं की त्याला वाटेल थंडी संपली. उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून दोन-अडीच मीटरवर, आणि बॉयलरच्या धुराच्या पाइपापासून, खिडकीपासून लांब. वायर थोडी जास्त लागेल, लागू दे.